शिल्लक औषधांचं कपाट

भांडारपालानं आयुष्यात कुणालाही मागितलं तेवढं कधी दिलं नव्हतं. कार्यालयात एखाद्यानं दहा पेन्सिली मागितल्या की हा सहा काढायचा. खुर्ची मागितली की स्टूल. कुणी कुरकुर केलीच तर चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, "उद्या लागलं तर?" हा उद्या बावीस वर्षांत एकदाही उगवला नव्हता. त्याची वाट पाहत भांडारातल्या शाईच्या तीनशे बाटल्या वाळून खडखडीत झाल्या, कार्बन पेपरांना वाळवी लागली, टंकयंत्रं भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांच्या फिती कुलपातच राहिल्या. पण वर्षअखेरीच्या तपासणीत शिल्लक भरपूर दिसायची आणि साहेब पाठ थोपटायचे. माणसाची पाठ एकदा असल्या कारणासाठी थोपटली गेली की तो माणूस कायमचा नासतो. हा घरी येऊन साबणाची वडीसुद्धा अर्धी कापून न्हाणीघरात ठेवायचा.

त्याला एकच मुलगी, आठ वर्षांची. तिचा आवाज असा की तिनं जिन्यात "आई" म्हटलं की चार मजल्यांवरच्या चार आया दारं उघडायच्या. इमारतीनं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. शाळेचा ध्वनिवर्धक दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेला तो गेलाच, म्हणून शाळेनं यंदाच्या क्रीडादिनाला शर्यती सोडायचं काम भोंग्याकडे दिलं होतं. शाळेचं काम फुकटात झालं आणि पोरगी हरखून गेली. रोज संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून "जागा घ्या! तयार! पळा!" असं ओरडायची आणि रस्त्यावरची चांगली पोक्त माणसं दोन पावलं पळायची.

आणि नेमका तिचाच घसा धरला.

ताप चढला. गिळताना डोळ्यांतून पाणी. घशात बघितलं तर लालभडक आणि त्यावर पांढरे ठिपके. डॉक्टरबाईंनी घशातून कापसाची काडी फिरवली, तपासायला पाठवली आणि निकाल आल्यावर सांगितलं, "हा स्ट्रेप आहे. जंतूंमुळे होतो. दहा दिवस औषध द्या, सकाळ-संध्याकाळ. दोन बाटल्यांत पूड आहे. एक पाण्यात कालवा, ती पाच दिवस पुरेल, मग दुसरी. आणि नीट ऐका, ताप लवकर उतरेल, पण दहा दिवस पुरे करायचे." भांडारपालानं मान डोलावली. मागणी ऐकून घेताना तो नेहमीच मान डोलवायचा.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी भोंग्यानं रस्त्यावरची माणसं पळवली. पाचव्या दिवशी पहिली बाटली संपली आणि दुसरी त्यानं कपड्यांच्या कपाटात कुलपाआड घातली.

"अहो, दहा दिवस म्हणाल्या होत्या ना त्या?" बायकोनं विचारलं.

"म्हणणारच. लिहिणाऱ्याचं काय जातं? ठणठणीत पोरीला औषध पाजून दुप्पट ठणठणीत करायचंय का? राहू दे. उद्या लागलं तर?"

आणि बघा, बावीस वर्षं न उगवलेला उद्या महिन्याभरात उगवला. पुन्हा ताप, पुन्हा ठिपके. भांडारपालानं कुलूप उघडून ती बाटली काढली आणि बायकोच्या नाकासमोर ढाल मिळाल्यासारखी नाचवली. "ठेवली म्हणून मिळाली!" ठेवली म्हणूनच लागली, हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. तिथं जागाच नव्हती, सगळी शिल्लक भरलेली. या वेळी ताप दोन दिवसांतच उतरला, आणि बाटलीत निम्म्याहून जास्त औषध राहिलं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाचा घसा धरला. काकू म्हणजे इमारतीचं चालतंबोलतं वैद्यकशास्त्र. त्या कुणाच्याही आजारात पहिलं वाक्य "मी तेव्हाच म्हटलं होतं" हेच म्हणायच्या, आणि तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या हे विचारायची कुणाची छाती नव्हती. भांडारपालानं उरलेली बाटली त्यांना दिली. म्हणजे सगळी नाही दिली. निम्मी दुसऱ्या बाटलीत ओतून घेतली आणि मग दिली. नातवाचा ताप तीन दिवसांत उतरला. काकूंनी जिन्यात त्याची एवढी स्तुती केली की त्याला रात्रभर झोप आली नाही, आणि सकाळी तो एक योजना घेऊनच उठला.

सोसायटीच्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट होतं. त्यात जुने ठराव होते आणि एक मेलेली पाल. दोन्ही बाहेर काढण्यात आली. सोसायटीचे अध्यक्ष कुठल्याशा मोठ्या खात्यातून निवृत्त झालेले होते, पण ते निवृत्त झाल्याचं अजून त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. त्यांनी कपाटासमोर उभं राहून अर्धा तास भाषण केलं. "घरोघरी अर्धवट बाटल्या पडून आहेत! ही सामाजिक संपत्ती आहे! आजपासून इमारतीत एक थेंबही वाया जाणार नाही!" टाळ्या पडल्या. शिकलेसवरलेले लोक हो, प्रत्येकाच्या घरी भिंतीवर पदवीचा कागद काचेत लावलेला. या लोकांनी टाळ्या वाजवून आपापल्या घरातून उरलेली औषधं आणली. मुलांच्या घशाची, मोठ्यांच्या पोटाची, कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्याची. दुसऱ्या मजल्यानं कुत्र्याच्या कानात घालायचे थेंब जमा केले. कुत्रं वारलं होतं, थेंब शिल्लक होते.

भांडारपालानं नोंदवही घातली. सुंदर नोंदवही, लाल-निळ्या रेघांची. मागणी, मंजुरी, शिल्लक. औषध हवं असेल तर चिठ्ठी तीन प्रतींत, एक कपाटाला, एक अध्यक्षांना, एक राखीव. आई तापलेल्या पोराला कडेवर घेऊन जिन्याखाली उभी राहायची आणि हा विचारायचा, "तिसरी प्रत कुठंय?"

"भाऊ, पोर फणफणलंय हो."

"सगळ्यांचंच फणफणलेलं असतं. नियम म्हणजे नियम."

मग दहा दिवसांची मागणी असली की चार मंजूर व्हायची. तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं की उरलेले चार चमचे परत जमा. असा सगळा शिस्तीत कारभार.

आणि तेवढ्याच शिस्तीत तो घसा इमारतभर फिरायला लागला. पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून चौथ्यावर, तिथून परत पहिल्यावर, बदलीचा हुकूम निघाल्यासारखा. मुलं एकाच गाडीतून शाळेत जायची, एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायची, अर्धवट बरी होऊन एकमेकांच्या तोंडावर शिंकायची. सहा महिन्यांत एकट्या भोंग्याचा घसा चार वेळा धरला. गॅलरीतून "जागा घ्या" ऐवजी कुणीतरी दार ओढल्यासारखा आवाज यायला लागला.

मग कारण शोधण्यासाठी समिती नेमली. समितीनं आधी पाण्याची टाकी उपसली. चार दिवस इमारत पारोशी राहिली आणि टाकीत एक चप्पल सापडली. चप्पल कुणाची यावर दोन बैठका झाल्या. मग फाटकाशी गारेगार विकणाऱ्याला हाकलला. मग काकूंच्या सांगण्यावरून ऐन उन्हाळ्यात सगळ्या पोरांच्या गळ्यात मफलर गुंडाळले. दोन पोरांना गळ्याला पुरळ उठली, तेव्हा काकू म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं." शेवटी शाळेला पत्र लिहिलं. शाळेच्या लिपिकानं उलट टपाली कळवलं की रोग शाळेत होत असल्याचा पुरावा तीन प्रतींत सादर करावा, आणि यापुढे मुलाला परत पाठवताना घसा कायमचा बरा झाल्याचा दाखला जोडावा. असा दाखला द्यायला डॉक्टरबाईंनी नकार दिला. "कायमचा म्हणजे काय? मी घसे तपासते, भविष्य सांगत नाही." अध्यक्षांनी त्यांना उद्धट ठरवलं. भांडारपालाला शाळेच्या लिपिकाचं मात्र कौतुक वाटलं. कामाचा माणूस, म्हणाला.

आता या सगळ्यात एक घर राहिलं होतं. तळमजल्यावर एक भाडेकरीण राहायची, ती आणि तिची सहा वर्षांची मुलगी. बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होती, सकाळी लवकर जायची, कुणाच्या दारात उभी राहून गप्पा मारायची नाही. एवढ्यावरच ती निम्मी गुन्हेगार ठरली होती. अध्यक्षांना रोज सकाळी कचऱ्याच्या बादल्यांची पाहणी करायची सवय होती. ओला-सुका बघायला म्हणून वाकायचे आणि कुणी काय खाल्लं ते वाचून यायचे. एके दिवशी त्यांना तिच्या बादलीत घशाच्या औषधाच्या दोन बाटल्या सापडल्या. दोन्ही रिकाम्या. नुसत्या रिकाम्या नाहीत, विसळून ठेवलेल्या.

तातडीची बैठक भरली. मधे टेबलावर त्या दोन बाटल्या, खुनातला सुरा ठेवावा तशा.

"बाई, या तुमच्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"यातलं शिल्लक औषध जमा का केलं नाही?"

"शिल्लक नव्हतं. दहा दिवसांचं होतं, दहा दिवस दिलं."

बैठकीत कुजबुज झाली. दहाच्या दहा! भांडारपालाला तर घेरीच आली. "उरलं नाही, की उरवलं नाही?" त्यानं विचारलं.

"अहो दादा, ते उरवायचं नसतंच," बाई शांतपणे म्हणाली. "अर्धं औषध दिलं की ताप जातो, जंतू जात नाहीत. तुमच्या कपाटातून रोग वाटला जातोय. त्या कालवलेल्या बाटल्या आठ-दहा दिवसांत निकामी होतात, आणि तुम्ही महिना महिना..."

"म्हणजे आम्ही मूर्ख?" चौथा मजला गरजला.

"मी असं म्हटलं नाही."

ती तसं म्हणाली नाही हा तिचा चांगुलपणा. मी म्हणतो.

"तुमच्या मुलीचा घसा पुन्हा धरला का?" काकूंनी डोळे बारीक करून विचारलं.

"नाही. एकदाच धरला होता."

"बघा!" काकूंनी मांडीवर थाप मारली. "रोग हिच्या घरातून बाहेर पडतोय! घरात राहिला नाही म्हणूनच हिची पोरगी ठणठणीत! मी तेव्हाच म्हटलं होतं."

हा युक्तिवाद एकमतानं मान्य झाला. भाडेकरणीला घर सोडायला सांगावं असं तिच्या घरमालकाला कळवायचं ठरलं आणि मसुदा भांडारपालाकडे आला. त्यानं जीव ओतून लिहिलं. "सदर भाडेकरू औषधाचा संपूर्ण वापर करून सामूहिक हितास बाधा आणत असून..." एक प्रत मालकाला, एक तिला, एक राखीव. सह्याशिक्के होऊन ही नोटीस निघायला मात्र महिना लागला.

पाचव्यांदा भोंग्याचा घसा धरला तेव्हा क्रीडादिन महिन्यावर आला होता. घरची बाटली संपलेली. त्यानं कपाटातून काढली, चौथ्या मजल्यानं गेल्या महिन्यात जमा केलेली, तळाशी पिवळा साका बसलेली. हलवून तीन दिवस पाजली. ताप उतरला. बायको काही बोलली नाही. बायको बोलेनाशी झाली की घरात काय शिजतंय हे ओळखण्याची अक्कल असती तर तो भांडारपाल राहिला नसता.

तीन आठवड्यांनी भोंग्याचा उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि डावा घोटा सुजला. काकू म्हणाल्या वाढीचं दुखणं. अध्यक्ष म्हणाले कपाटात सासूच्या गुडघ्याचं मलम आहे, चिठ्ठी करा. भांडारपाल खरंच चिठ्ठी करायला बसला. तिसरी प्रत लिहून डोकं वर केलं तर घरात कुणी नव्हतं. बायकोनं पोरीला पाठीवर घेतलं होतं आणि ती जिना उतरून रिक्षात बसलीसुद्धा होती. हा नोंदवही काखेला मारून मागून धावला. नोंदवही कशाला? डॉक्टरबाईंना आपली व्यवस्था दाखवावी म्हणून. खोटं नाही सांगत, या माणसाला त्या घटकेलासुद्धा शाबासकी हवी होती.

डॉक्टरबाईंनी पोरीचे सांधे बघितले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "दर वेळी औषध किती दिवस दिलंत?"

"सगळं लिहिलेलं आहे, मॅडम," भांडारपालानं नोंदवही पुढं सरकवली. "पान तीनपासून बघा. अक्षर माझं आहे."

त्या वाचायला लागल्या. एक पान, दोन पानं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला आणि भांडारपाल खुर्चीत ताठ बसत गेला.

"मागणी दहा दिवस, मंजूर चार. मागणी दहा, मंजूर तीन. मागणी दहा..." त्या थांबल्या. "ही अठरा मुलं आहेत. हे मंजूर कुणी केलं?"

"मीच."

"तुम्ही काय शिकलात?"

"बावीस वर्षं भांडारात आहे."

त्यांनी वही मिटली. "हा आजार अर्धवट सोडला की काही मुलांच्या सांध्यांत शिरतो, आणि सांध्यांतून हृदयात. हृदयाच्या झडपा खराब होतात. जन्मभरासाठी. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते झालंय की नाही ते मला आत्ता सांगता येत नाही. रक्त तपासायचं, हृदयाची सोनोग्राफी करायची. आता उठा आणि रुग्णालयात जा."

तो उठला. नोंदवही टेबलावरच राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून काहीतरी मागं राहिलं आणि त्याची त्यानं नोंद केली नाही.

रुग्णालयात पोरीला आत नेलं. भोंगा कशालाच ओरडली नाही. सुई टोचली तेव्हाही नाही. नुसती बापाकडे बघत होती. दीड तासानं आतून निरोप आला, हृदय शाबूत आहे. या वेळी. घशात मात्र जंतू तसेच बसलेले आहेत, आजपासून दहा दिवस औषध, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी. बायको तिथंच बाकावर बसली आणि पहिल्यांदा रडली. भांडारपाल चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीकडे पळाला. गावभर घसे धरलेले, बाहेरच्या दुकानांत ही पूड संपलेली, मिळाली तर इथंच मिळणार होती.

खिडकीत एक पोक्त माणूस बसला होता. त्यानं चिठ्ठी उलटीसुलटी बघितली आणि एक बाटली सरकवली.

"दोन लिहिल्यात," भांडारपाल म्हणाला.

"एक घ्या. पाच दिवसांत ताप उतरतो."

"पण दहा दिवस द्यायचंय!"

"लिहिणाऱ्याचं काय जातं?"

"अहो, माझ्या पोरीच्या हृदयाचा प्रश्न आहे हो!"

"सगळ्यांच्याच असतो."

"मागं चाळीस बाटल्या दिसतायत की!"

"ती शिल्लक आहे." त्या माणसानं चष्मा कपाळावर चढवला. "उद्या लागलं तर?"

भांडारपालानं खिडकीच्या गजांना हात घातला आणि तो ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतर आठवलं नाही, पण भोंग्याला आवाज कुणाकडून आला होता ते त्या दिवशी सगळ्या रुग्णालयाला कळलं. लोक जमले. त्या लोकांतून रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेतलेली एक बाई पुढं आली. तळमजल्यावरची भाडेकरीण. तिच्या हातात नोटीस पडून चारच दिवस झाले होते.

तिनं त्याच्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं. पोरीच्या घशाची काडी तिनंच तपासली होती, तिला सगळं ठाऊक होतं.

"ताई..." भांडारपाल म्हणाला. चार दिवसांपूर्वी ती सदर भाडेकरू होती.

ती खिडकीकडे वळली. "दोन्ही बाटल्या द्या. ही डॉक्टरांची चिठ्ठी आहे, तुमच्या मर्जीचा विषय नाही. नाहीतर मी वरून साहेबांना बोलावते."

दुसरी बाटली आली. खिडकीवाल्याचा चेहरा असा झाला होता, जणू त्याची किडनी काढून घेतलीय. भांडारपालाला तो चेहरा फार जवळचा वाटला आणि त्याची किळस आली.

"नोटीस वाचली तुमची," बाई जाता जाता म्हणाली. "भाषा चांगली आहे. तिसरी प्रत कशाला काढलीत?"

"राखीव," तो पुटपुटला, आणि जमीन दुभंगायची वाट बघत उभा राहिला. असल्या वेळी ती कधी दुभंगत नाही.

नोटिशीच्या तिन्ही प्रती त्यानं दुसऱ्या दिवशी दारोदार फिरून परत आणल्या. कपाट बंद करायला मात्र बैठक घ्यावी लागली. अध्यक्ष म्हणाले, एका डॉक्टरच्या सांगण्यावरून इतकी वर्षं चाललेली संस्था मोडायची? संस्था आठ महिन्यांची होती. डॉक्टरबाईंनी अठराही पोरांना तपासायला बोलावलं तेव्हा आयांचे चेहरे उतरले आणि ठराव कसाबसा मंजूर झाला. भांडारपालानं सगळ्या बाटल्या पोत्यात भरून रुग्णालयात नष्ट करायला दिल्या. काकूंनी त्यातल्या दोन आधीच पिशवीत घातल्या होत्या. कुत्र्याचे थेंब कुणी नेले ते अजून कळलेलं नाही.

क्रीडादिन भोंग्याविना पार पडला. ती पाय उशीवर ठेवून घरी पडली होती. तिच्या जागी शर्यत सोडायला वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी उभी केली होती. ती इतक्या सभ्यपणे "पळा" म्हणाली की निम्मी पोरं पळाली आणि निम्मी उभीच राहिली. हे ऐकून भोंगा भिंतीकडे तोंड करून झोपली. भांडारपालानं कधी कुणाचं काही हिरावून घेतलं नव्हतं असं त्याला वाटायचं. तो फक्त कमी द्यायचा.

दहाव्या दिवसाची संध्याकाळ. दुसऱ्या बाटलीत शेवटचा चमचा उरला होता. भोंगा गॅलरीत स्टुलावर बसून तोंड उघडून वाट बघत होती, बायको दारात उभी. भांडारपालानं बाटली तिरपी केली आणि त्याचा हात थांबला. पोरगी ठणठणीत होती. गाल वर आले होते. चमचाभर तर होतं. बावीस वर्षांची सवय मनगटात येऊन बसली होती आणि बाटली काही पुढं झुकेना.

"बाबा," भोंगा म्हणाली, "ओत ना."

त्यानं ओतलं. थेंब पडायचे थांबले तरी बाटली उलटी धरून ठेवली. पोरीनं औषध गिळलं, त्याच्या हातातली बाटली घेतली, एक डोळा मिटून आत बघितलं, उलटी करून हलवली. मग कठड्याशी उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला, आणि सहा महिन्यांत इमारतीनं ऐकला नव्हता तो आवाज सोडला.

"संपलं!"

रस्त्यावर एक सुटाबुटातला माणूस दोन पावलं पळाला. चार मजल्यांवर चार दारं उघडली. आणि तळमजल्याच्या खिडकीतून भाडेकरणीचा आवाज आला, "बाटली विसळून टाका हो! अध्यक्षांना बघायची असते!"